पिवळी गोळी

पाळणा सजवून झाला, बौद्धाचार्य येऊन बसले, तरी कौसल्याबाईंचं लक्ष मोठ्या सुनेवरच होतं.

प्रीती सकाळपासून एका जागी बसली नव्हती. जालन्याहून पहिल्या गाडीनं ती आणि नवरा संघपाल टेंभुर्णीला उतरले, तेव्हापासून खिरीच्या पातेल्यापासून मांडवातल्या सतरंज्यांपर्यंत सगळीकडे तीच होती. धाकट्या सुमितला मुलगी झाली होती, तिचं आज नामकरण. मांडवात साठेक माणसं होती. कामात असलं की कुणी शेजारी बसून विचारत नाही, म्हणून प्रीती कामात होती. हे कौसल्याबाईंना कळत होतं. बावीस वर्षं अंगणवाडी चालवली होती त्यांनी. बायका काय बोलत नाहीत, तेच त्यांना आधी ऐकू यायचं.

प्रीतीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. तिची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे झाला. सगळं निर्मळ निघालं होतं. हे कौसल्याबाईंना माहीत होतं, गावाला नव्हतं. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "इलाज चालू हाय." कुणाचा, ते सांगत नसत.

संघपाल भिंतीला टेकून बसला होता. चेहरा उतरलेला. "जागरण झालं," म्हणाला होता सकाळी. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी असाच उतरला होता तो. मोठ्या आतड्याला आतून जखमा पडल्या होत्या, दिवसातून वीस वेळा रक्त जायचं. सत्तावीस वर्षांचं पोरगं बेचाळीस किलोवर आलं होतं आणि त्यांनी त्याला दोन हातांवर उचलून परसाकडे नेलं होतं. मग संभाजीनगरच्या पोटाच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लावल्या. एक पिवळी, आतड्याची सूज उतरवणारी. दुसरी, शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी, कारण ती प्रतिकारशक्तीच त्याच्या आतड्यावर उलटली होती. त्या गोळ्यांवर पोरगं उठलं, जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलं, उभं राहिलं.

आणि हे सगळं माहीत असून प्रीतीनं होकार दिला होता. मंठ्याहून ती स्वतः त्याला भेटायला आली होती. पहिला प्रश्न विचारला होता, "आता दिवसातून किती वेळा जावं लागतं?" त्या प्रश्नासाठी कौसल्याबाई तिच्या ऋणी होत्या. फक्त तसं त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. सुमितच्या बायकोनं, पायलनं, बाळाला उचललं आणि ती जावेकडे वळली.

"ताई, पाळण्यात तुम्हीच घाला. नाव पण तुम्हीच सांगा तिच्या कानात."

प्रीतीनं पदराला हात पुसले आणि पुढे केले.

"थांब गं पायल," उषाबाई म्हणाल्या. कौसल्याबाईंच्या नवऱ्याची, संपतरावांची थोरली बहीण, घरातली सगळ्यात मानाची बाई. आवाज अगदी मऊ होता. "मोठीला कामं हायेत. लेकुरवाळ्या बाईच्या हातानं होऊ दे. वाईट वाटून घेऊ नको प्रीती. पहिलं लेकरू हाय, म्हणून म्हणले."

प्रीतीचे हात तसेच पुढे राहिले. मागे घ्यायचे की नाही, ते त्या हातांना ठरवता येत नव्हतं. कौसल्याबाईंनी तोंड उघडलं. या घरात असलं काही चालत नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. एवढ्या मांडवात नणंदेला कसं बोलायचं, या विचारात तो क्षण गेला.

संघपाल उठला. भिंतीला हात धरून उठला.

"आत्या, प्रीतीत काही दोष न्हाई. माझ्यात हाय."

मांडवातल्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मागच्या वर्षी मी तपासून घेतलं. शुक्रजंतू लई कमी हायेत माझे. रिपोर्ट माझ्याजवळ हाय. मी कुणाला दाखवला न्हाई, हिला पण न्हाई." एवढं बोलून तो जिन्याच्या बाजूनं परसाकडे निघून गेला.

पायलनं आत्यांकडे बघितलं नाही. बाळ सरळ प्रीतीच्या हातांत ठेवलं. प्रीतीनं त्याला पाळण्यात घातलं, दुपटं नीट केलं, वाकून कानात सांगितलं, "सुजाता." सगळ्यांना ऐकू येईल असं पुन्हा एकदा सांगितलं. मग ती उठून नवऱ्याच्या मागे गेली.

*

संडासाचं दार अर्धं उघडं होतं. संघपाल पायरीवर बसला होता, डोकं गुडघ्यांवर. आत पाणी ओतलेलं होतं, तरी प्रीतीला दिसायचं ते दिसलं.

"किती दिवसांपासून?"

"वीस-बावीस."

"गोळ्या चालू असताना?"

ती खोलीत गेली, त्याची बॅग उघडली. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती, एकही गोळी काढलेली नव्हती.

"कधी बंद केल्या?"

"दोन महिने झाले. दोन्ही."

तिनं सासऱ्यांना बोलावलं. संपतराव एसटीत चालक होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं आणि सुमितच्या गाडीची किल्ली घेतली. "औरंगाबाद," एवढंच म्हणाले. नवं नाव अजून त्यांच्या तोंडात बसलेलं नव्हतं. मागच्या सीटवर संघपालच्या एका बाजूला प्रीती, दुसऱ्या बाजूला कौसल्याबाई. गाडी सुरू झाली तेव्हा पुढचं दार उघडून उषाबाई चढल्या, हातात कपड्याची पिशवी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि उतरा असंही कुणी म्हणालं नाही.

निम्मा रस्ता सरल्यावर प्रीती म्हणाली, "मागच्या वर्षी म्हणजे कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"माझी नळ्यांची तपासणी सप्टेंबरात झाली."

"हो."

"तुम्ही आल्ता सोबत. बाहेर बाकड्यावर बसला होता."

"हो."

"मी आतून बाहेर आले तेव्हा मला चालता येत न्हवतं. तुम्ही माझा हात धरला. रिपोर्ट महिनाभर तुमच्याजवळ होता."

संघपालनं डोळे मिटले. कौसल्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. प्रीतीला वाटलं, आता रडू येईल, पण आलं नाही. जे आलं ते रडण्यापेक्षा कोरडं होतं. पाच वर्षं ती स्वतःच्या शरीराला दोष देत आली होती. जालन्याच्या शाळेत मुलांना गणित शिकवताना, उत्तर चुकलं तर आधी मांडणी तपासा, असं ती रोज सांगायची. इथं तिच्यापासून मांडणीच लपवली गेली होती.

"आणि गोळ्या कशाला बंद केल्या?"

"कागदावर लिहिलेलं असतंय ना आत. शुक्रजंतू कमी होऊ शकतात म्हणून. फोनवर बघितलं. कोणी म्हणतंय ही, कोणी म्हणतंय ती. मंग दोन्ही सोडल्या." तो थांबून थांबून बोलत होता. "म्हणलं, चार-सहा महिने काढू. तोवर तुला गुड न्यूज देता आली, तर मंग सांगू सगळं. त्या रिपोर्टावर चोवीस लाख लिहिलेलं होतं, प्रीती. किमान दीड कोटीच्या वर पाहिजे. मी दिवसभर बियाण्याच्या उगवणीचे आकडे बघतो. मला तो आकडा कुणी समजून सांगायची गरज न्हवती."

"मी म्हणले होते याला," पुढून उषाबाई म्हणाल्या. मान वळवली नव्हती. "दिवाळीत. म्हणले, त्या गोळ्या अंगातली ताकद मारून राह्यल्या, त्यानंच लेकरू न्हाई. सोडून दे म्हणले मीच."

संपतरावांनी गिअर बदलला. "आक्का, आता बोलू नको. रस्ता खराब हाय."

*

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं.

स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू होती. संघपालला पहिल्यांदाच भूक लागली होती, आणि मऊ भाताचे चार घास पोटात राहिले याचं त्याला इतकं बरं वाटत होतं की ते सांगायला माणूस हवं होतं. खोलीत आत्या होती. तीन दिवस ती घरी गेली नव्हती. त्याच्या खराब झालेल्या कपड्यांना तिनं नर्सला हात लावू दिला नव्हता, ते स्वतः धुतले होते.

अकराच्या सुमारास पोटाचे डॉक्टर आले. प्रीती आणि आई दाराशी उभ्या होत्या. प्रीतीनं पिशवीतून तो जुना रिपोर्ट काढला. जालन्याच्या घरून सुमितनं आणून दिला होता. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले.

"संघपाल, दोन गोळ्या होत्या तुमच्या. पिवळी, म्हणजे सल्फासालाझिन. ती घेणाऱ्या बऱ्याच पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या कमी होते, हालचालही कमी होते. ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. आणि ते कायमचं नसतं. ती गोळी बदलली की साधारण दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होऊ लागतं."

"बदलता येते?" प्रीतीनं विचारलं.

"येते. त्याच कामाची दुसरी गोळी आहे. तिच्यात हा त्रास सहसा दिसत नाही."

"आणि ती दुसरी?" आईनं विचारलं. "प्रतिकारशक्ती दाबणारी?"

"सगळे तिलाच घाबरतात. नावच तसं आहे तिचं. अझाथायोप्रिन घेणाऱ्या बापांवर बराच अभ्यास झाला आहे. शुक्रजंतूंवर तिचा वाईट परिणाम दिसलेला नाही, बाळात दोष वाढल्याचंही दिसलेलं नाही. ती चालूच राहील. ती बंद केलीत म्हणून तर तुम्ही इथं आलात. आणि आतडं असं पेटलेलं असताना बाप होण्याची शक्यता उलट कमी होते. ज्या गोष्टीसाठी गोळी सोडली, तीच लांब गेली."

संघपाल छताकडे बघत राहिला. दोन महिने त्यानं जी गोळी शत्रू समजून बाजूला ठेवली, तिनंच त्याला उभं ठेवलं होतं. जी खरोखर आड येत होती, तिच्यासाठी एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. सहा महिने आणि एक प्रश्न.

"सगळ्याच आजारांत असं नसतं," डॉक्टर पुढे म्हणाले. "काही गोळ्या मूल हवं असताना थांबवाव्या लागतात. म्हणून स्वतःच्या मनानं काही करायचं नाही." "चूक माझीही आहे. सात वर्षांपूर्वी तुम्हाला म्हणालो होतो, लग्न ठरलं की मला सांगा, गोळी बदलू. तुम्ही तेव्हा मरणाच्या दारात होता, तुमच्या लक्षात कसं राहणार. तुम्ही लग्नाचे पेढे घेऊन आलात. मी पेढा खाल्ला आणि विसरलो. पाच वर्षं दर वेळी रक्त तपासलं, वजन तपासलं. मूल हवंय का, हे विचारलं नाही. त्याबद्दल मला माफ करा."

डॉक्टर माणूस असं म्हणेल, याची कुणालाच सवय नव्हती. आई चटकन म्हणाली, "न्हाई डॉक्टरसाहेब, असं म्हणू नका. हा जिवंत हाय तो तुमच्यामुळं." आणि तिनं हात जोडले. सात वर्षांपूर्वीही तिनं असेच जोडले होते. तेव्हा मागत होती.

डॉक्टर गेल्यावर आई आणि आत्या चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडल्या. प्रीती खुर्चीवर बसली.

"एक सांगते. लेकरासाठी तुम्ही जीव धोक्यात घातला, म्हणून मला बरं वाटंल, असं समजला असाल तर ते डोक्यातून काढा. मला तुमच्याशी लग्न करायचं होतं. लेकराशी न्हाई."

"मला लाज वाटली, प्रीती."

"मला पाच वर्षं वाटली. ती तुम्ही माझ्यावर टाकून दिली."

तो तिच्याकडे वळून म्हणाला, "मांडवात बाळाला पाळण्यात घातलंस. मी परसाच्या दारातून बघत होतो. सगळं ऐकल्यावर पण तू आधी तिचं दुपटं नीट केलंस. तू मला भेटलीस, हे माझ्या लायकीपेक्षा जास्त हाय."

प्रीतीनं टेबलावरचं वेळापत्रक उचललं आणि नव्या गोळीच्या वेळा त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतल्या, वर्गातल्या पोरासारख्या.

बाहेर व्हरांड्यात उषाबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. प्रीती आली तसा त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"मी बोलले त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"बोललात आत्या. लागलं मला."

"लागणारच. मला चार लेकरं झाली, त्यात माझी काय हुशारी होती." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "याला पण मीच सांगितलं गोळ्या सोडायला. गेला असता पोरगा. तू पिशवी उघडून बघितली म्हणून बराबर वेळेवर आलो."

"तुम्ही तीन दिवस कपडे धुतले त्याचे."

"ते धुण्यानं निघतंय," उषाबाई म्हणाल्या. प्रीतीनं अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे धरला. दोघी भिंतीला टेकून प्यायल्या.

*

सहाव्या दिवशी संघपाल घरी आला. महिनाभर तो टेंभुर्णीलाच राहिला. सुमित त्याला रोज बाजाराच्या रस्त्यानं थोडं थोडं चालवायचा. संपतराव सकाळ-संध्याकाळ गोळ्यांची डबी घेऊन समोर बसत, पाण्याचा तांब्या देत आणि गिळेपर्यंत उठत नसत. वजन पुन्हा एकसष्टवर गेलं. मार्चअखेर तो जालन्याला कामावर रुजू झाला.

जूनमध्ये पुन्हा तपासणी झाली. या वेळी प्रीती सोबत होती, आणि बाकड्यावर ती बसली. पाकीट तिनंच उघडलं. दोन कोटी दहा लाख. हालचाल चाळीस टक्क्यांच्या वर. लॅबच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मूल अजून राहिलं नव्हतं, राहील की नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. पण संघपाल तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, बायकोचा हात धरून उभा राहिला आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

त्यानं आईला फोन केला. कौसल्याबाईंनी आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

"संघपाल, एक विचारू? मी विहारात बायकांना सांगितलं तर चालंल का तुला? सगळं?"

"मांडवात मी सांगितलंच की."

"तू तुझा दोष सांगितला. माझा राह्यलाय."

त्यानं प्रीतीकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. "सांग आई," तो म्हणाला.

जुलैत वर्षावास, पावसाळ्यातला तीन महिन्यांचा व्रतकाळ, सुरू झाला. दुपारी कामं उरकून बायका विहारात ग्रंथवाचनाला जमायच्या. पहिल्या रविवारी प्रीती आलेली होती. ती मागच्या ओळीत पायलजवळ बसली, सुजाता तिच्या मांडीवर. वाचन संपलं, वंदना झाली, तेव्हा कौसल्याबाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. अंगणवाडीतल्यासारख्या, दोन्ही हात पुढे बांधून.

"दोन मिनिटं बसा. माझ्या सुनेबद्दल बोलायचं हाय."

उठणाऱ्या बायका बसल्या.

"पाच वर्षं तुम्ही मला विचारत होता. मी म्हणायचे, इलाज चालू हाय. तुम्ही समजायच्या सुनेचा. मला ठाऊक होतं तुम्ही तसं समजता, आणि मी समजू दिलं. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्त्या. माझ्या पोराची एक पण आम्ही करवली न्हवती. पोराला तपासायचं, हे माझ्या तोंडातून निघालं न्हाई. मी तुम्हाला गरोदरपणाचं सगळं शिकवते, लोहाच्या गोळ्या मोजून देते, आणि माझ्याच घरात मी एवढं म्हणू शकले न्हाई."

पुढच्या ओळीत उषाबाई बसल्या होत्या. त्या वर बघत होत्या, मान खाली नव्हती.

"पोराला आतड्याचा आजार हाय, तुम्हाला माहिती हाय. ज्या गोळ्यांनी तो वाचला, त्यातल्याच एका गोळीनं त्याचे शुक्रजंतू कमी झाले होते. गोळी बदलली, ते वाढले. एवढंच होतं. त्या गोळीला मी नावं ठेवत न्हाई. तिनं माझं पोरगं उभं केलं. उभं झालेलं पोरगं सांभाळलं ते प्रीतीनं. आजार माहीत असून ती आली आमच्या घरात. आता लेकरू होईल, न होईल. ते झाल्यावर मी तिचे उपकार मानले, तर ते लेकराचे होतील. म्हणून आज मानते. आणि पाच वर्षं मी गप्प बसले, त्यासाठी तिची माफी मागते, तुमच्या सगळ्यांसमोर."

प्रीती जागची उठली नाही. तिला उठताच आलं नसतं. मांडीवर बाळ होतं, आणि डोळ्यांतून पाणी सरळ त्याच्या टोपड्यावर पडत होतं. पायलनं पदरानं ते टिपलं. प्रीतीनं सासूकडे बघून मान हलवली, दोनदा.

खांबाजवळून मीनाबाई उठल्या. मागच्या वर्षापासून त्या आपल्या सुनेला कुठल्या कुठल्या गावांना औषधाला नेत होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. सून त्यांच्या शेजारीच बसली होती, हातातली पोथी घट्ट धरून.

"बाई," मीनाबाई कौसल्याबाईंना म्हणाल्या, "पोराला तपासायचं म्हणलं तर कुठं न्यायचं?"

कौसल्याबाईंनी मागच्या ओळीकडे बघितलं.

प्रीतीनं चेहरा पुसला. "जालन्याला या," ती म्हणाली. "लॅब सकाळी नऊला उघडते. मी येते सोबत."